इंजिनापलीकडचे ऑइल
जुन्या फोर-बाय-फोर गाड्यांच्या देखभालीवरील पुस्तिकेची प्रस्तावना

इंजिन ऑइल बदलायचे राहून गेले, असे सहसा होत नाही. ठरलेले किलोमीटर भरले की गॅरेजवाला आठवण करतो, डिपस्टिक ओढली की काळपट रंग दिसतो, दाब उतरला तर डॅशबोर्डवर लाल दिवा लागतो. गिअरबॉक्स, ट्रान्स्फर केस आणि पुढचा-मागचा डिफरन्शिअल या चार डब्यांच्या नशिबी असे लक्ष येत नाही. बहुतेक जुन्या गाड्यांत त्यांना ना डिपस्टिक असते, ना दिवा. आतले ऑइल निम्म्यावर आले तरी गाडी पहिल्यासारखीच पळते. मग एखाद्या दिवशी वेग धरल्यावर मागून घरघर ऐकू येऊ लागते, आणि तोवर डिफरन्शिअलमधल्या क्राउन-पिनियन या गिअरजोडीच्या दातांवरचा कठीण थर झिजून गेलेला असतो. त्यानंतर कितीही चांगले ऑइल भरले तरी ते दात परत येत नाहीत.

ही पुस्तिका त्या चार डब्यांविषयी आहे. ती लिहिताना दोन वाचक डोळ्यांसमोर आहेत. एक, ज्याने जुनी फोर-बाय-फोर गाडी हौसेने किंवा गरजेने सांभाळली आहे आणि जो रविवारी सकाळी स्वतः पाना हातात घ्यायला तयार आहे. दुसरा, तालुक्याच्या गावातला तरुण मिस्त्री, ज्याच्याकडे अशा गाड्या येतात, पण ज्याला त्यांची मूळ हातपुस्तिका कधी पाहायला मिळालेली नाही.

महाराष्ट्राचे या गाड्यांशी जुने नाते आहे. विलीस जीपचे सुटे भाग आणून त्या जोडण्याचे काम महिंद्राने स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईत सुरू केले. पुढे उंच बॉनेटची सीजे-३बी इथेच घडू लागली, आणि अमेरिकेत १९६८ साली तिचे उत्पादन थांबल्यावरही आपल्याकडे त्या घडणीच्या जीप कितीतरी वर्षे बनत राहिल्या. मग प्यूजो डिझेल इंजिनाच्या जीप आल्या, एमएम-५४० आली. १९८५ साली मारुतीची जिप्सी आली आणि तिने सैन्यात, पोलिसांत, वनखात्यात जागा मिळवली. ताडोब्यात पर्यटकांना घेऊन फिरताना आपण तिला आजही पाहतो. जिप्सीचे उत्पादन थांबले, जुन्या जीप केव्हाच इतिहासजमा झाल्या. पण सह्याद्रीच्या पायथ्याच्या वाड्यांवर, कोकणातल्या बागांत आणि लिलावात घेतलेल्या लष्करी गाड्या जपणाऱ्यांच्या अंगणात त्या चालू स्थितीत उभ्या आहेत.

अशा गाडीच्या बाबतीत ऑइल बदलण्याचे महत्त्व नव्या गाडीपेक्षा जास्त असते. नव्या गाडीचा डिफरन्शिअल गेला तर शोरूममधून दुसरा येतो. जुन्या जीपचा क्राउन-पिनियन गेला तर आधी तो शोधावा लागतो. तो जोडीनेच घ्यावा लागतो, कारण कारखान्यात ही दोन्ही चाके एकमेकांवर घासून जुळवलेली असतात. शिवाय त्याचे बॅकलॅश, म्हणजे दातांमधली मोकळी फट, शिमने अचूक बसवणारा हात आता प्रत्येक गॅरेजात नाही. दोन-चार लिटर ऑइलच्या खर्चात जे वाचते, ते एकदा गेल्यावर पैसे देऊनही सहज मिळत नाही.

काम समजून घ्यायचे तर आधी शक्तीचा रस्ता पाहावा. इंजिनातून निघालेली शक्ती क्लचमधून गिअरबॉक्समध्ये येते, तिथून ट्रान्स्फर केसमध्ये जाते. ट्रान्स्फर केस दोन कामे करते : शक्ती पुढच्या आणि मागच्या प्रोपेलर शाफ्टमध्ये वाटते, आणि लो-रेंज टाकली की चाकांचा वेग घटवून ओढ वाढवते. दोन्ही शाफ्ट आपापल्या डिफरन्शिअलपर्यंत पोचतात, तिथे शक्ती काटकोनात वळते आणि चाकांकडे जाते. जिप्सीत ट्रान्स्फर केस गिअरबॉक्सला चिकटलेली नसते. मधे एक आखूड शाफ्ट असतो, म्हणून त्या गाडीत दोनाऐवजी तीन शाफ्ट दिसतात. विलीस घडणीच्या जीपमध्ये ट्रान्स्फर केस गिअरबॉक्सच्या पाठीलाच बोल्टने बसवलेली असते आणि त्यातल्या अनेक जीपमध्ये दोन्ही डब्यांचे ऑइल आतल्या छिद्रांतून एकमेकांत फिरते. तिथे एका डब्याचे ऑइल सोडून दुसऱ्याचे तसेच ठेवणे म्हणजे नव्यात जुने मिसळणे होय.

प्रत्येक डब्यात धातूची गाठ वेगळ्या प्रकारे पडते, म्हणून प्रत्येकाची ऑइलची गरज वेगळी असते. गिअरबॉक्समध्ये दातांवरचा ताण मध्यम असतो, पण तिथे पितळी सिंक्रो रिंग असतात. गिअर बदलताना ही रिंग शंकूवर घासून दोन्ही बाजूंचा वेग जुळवते. तिला थोडे घर्षण हवेच असते. अतिनिसरड्या ऑइलमध्ये ती घसरत राहते आणि गिअर करकरत पडतो.

डिफरन्शिअलमध्ये परिस्थिती उलटी आहे. तिथे हायपॉइड गिअर असतात, म्हणजे पिनियनचा अक्ष क्राउनच्या मध्यापेक्षा खाली सरकवलेला असतो. अमेरिकेतील ग्लीसन कंपनीने विकसित केलेली ही रचना १९२० च्या दशकाच्या मध्यात पॅकार्ड मोटारींतून रस्त्यावर आली. तिच्यामुळे शाफ्ट खाली आला, मोटारीचा तळ खाली आणता आला, दात जाड आणि मजबूत झाले. पण तिची किंमतही आहे : हे दात एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, लांबीच्या दिशेने घसरतातही. प्रचंड दाबाखाली घसरणाऱ्या दोन पोलादी पृष्ठभागांमध्ये साधे ऑइल टिकत नाही, पिळून बाहेर पडते. म्हणून हायपॉइड ऑइलमध्ये गंधक आणि फॉस्फरसची संयुगे घालतात. दाब आणि उष्णता वाढली की ती पोलादाशी रासायनिक क्रिया करतात आणि दातांवर एक पातळ, झिजून जाणारा थर तयार करतात. धातूऐवजी तो थर झिजतो आणि दात वाचतो.

पोलादाला वाचवणारे हेच रसायन पितळेला आणि ब्राँझला बाधू शकते. गरम झालेल्या ऑइलमधले सक्रिय गंधक तांब्याशी जुळते आणि पृष्ठभागावर काळसर थर बनतो. तो सुटताना खालचा धातूही घेऊन जातो. सिंक्रो रिंग आणि जुन्या ट्रान्स्फर केसमधले ब्राँझचे थ्रस्ट वॉशर असे हळूहळू खंगतात. ऑइलच्या डब्यावर जीएल-४ आणि जीएल-५ असे जे लिहिलेले असते, त्याचा अर्थ इथे कळतो. जीएल-५ मध्ये ही संयुगे जीएल-४ च्या साधारण दुप्पट असतात. ते हायपॉइड डिफरन्शिअलसाठी आहे. पितळी सिंक्रो असलेल्या बहुतेक जुन्या गिअरबॉक्सना जीएल-४ लागते. दुकानदार 'पाच म्हणजे चारापेक्षा भारी' असे सांगून एकच कॅन सगळीकडे भरायला देतो, आणि गिऱ्हाइकाला ते पटतेही, कारण आकडा मोठा आहे. या पुस्तिकेतून एकच गोष्ट लक्षात राहणार असेल तर ती ही असावी : योग्य ऑइल आतला धातू ठरवतो, कॅनवरचा मोठा आकडा किंवा किंमत ठरवत नाही. आजच्या काही जीएल-५ ऑइलमधले गंधक तांब्याला त्रास होणार नाही असे बांधलेले असते. पण कंपनीने कॅनवर तसे स्पष्ट लिहिलेले नसेल, तर ते गृहीत धरू नये. उलट दिशेची चूकही तितकीच महाग पडते. हायपॉइड डिफरन्शिअलमध्ये जीएल-४ भरले तर चढावर, भार असताना ते कमी पडते आणि दातांवर ओरखडे उठतात.

दुसरा आकडा घट्टपणाचा. गॅरेजमध्ये 'नव्वद नंबर' आणि 'एकशेचाळीस नंबर' ही भाषा चालते. हा नव्वद इंजिन ऑइलच्या चाळीस-पन्नासच्या दुप्पट घट्ट आहे, असा समज सर्रास आढळतो. दोन्हींची मोजपट्टी वेगळी आहे. १०० अंश सेल्सिअसला नव्वद नंबरचे गिअर ऑइल जवळजवळ चाळीस ते पन्नास नंबरच्या इंजिन ऑइलइतकेच पातळ असते. हातपुस्तिकेने ८०डब्ल्यू-९० किंवा ७५डब्ल्यू-९० सांगितले असेल तर आवाज दाबण्यासाठी सरसकट एकशेचाळीस भरू नये. घट्ट ऑइल बेअरिंगच्या फटींत उशिरा पोचते, थंड सकाळी गिअर जड पडतात, आणि ज्या झिजेचा आवाज ऐकून आपण सावध व्हायला हवे, तो आवाजच झाकला जातो.

काही डब्यांत गिअर ऑइल चालतच नाही. साखळीवर चालणाऱ्या अनेक ट्रान्स्फर केसमध्ये, विशेषतः बोर्ग-वॉर्नर घडणीच्या, एटीएफ म्हणजे ऑटोमॅटिक ट्रान्समिशनचे पातळ, बहुधा लाल फ्लुइड लागते. मागे लिमिटेड-स्लिप डिफरन्शिअल असेल तर आतल्या क्लच प्लेटींसाठी खास मिश्रण असलेले ऑइल लागते, नाहीतर वळणावर मागची चाके कचकचत उडी मारल्यासारखी फिरतात. जुन्या ऑटोमॅटिक गाडीत एकदा ड्रेन प्लग काढल्याने सगळे फ्लुइड निघत नाही. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये बरेचसे अडकून राहते, त्यामुळे थोड्या-थोड्या अंतराने दोन-तीनदा बदलावे लागते. अशा गाड्यांसाठी या पुस्तिकेत स्वतंत्र प्रकरण आहे.

मापाचा विचारही आवश्यक आहे. १.३ लिटर इंजिनाच्या जिप्सीत गिअरबॉक्सला साधारण १.३ लिटर, ट्रान्स्फर केसला ०.८ लिटर, पुढच्या डिफरन्शिअलला २ लिटर आणि मागच्याला १.५ लिटर ऑइल लागते. म्हणजे सगळे मिळून साडेपाच लिटरच्या आसपास. ट्रान्स्फर केसमधले ०.८ लिटर लक्षात घ्या. सीलमधून थेंबथेंब गळत २०० मिलिलिटर गेले, तर त्या डब्याचा पाव हिस्सा गेला. पार्किंगच्या फरशीवर दिसणारा डाग 'जुनी गाडी आहे, गळणारच' म्हणून सोडून देऊ नये, तो याचसाठी.

या सगळ्या कामातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग ऑइल भरण्याचा नाही, सोडण्याचा आहे. जुने ऑइल डबा न उघडता आतले दाखवते. म्हणून ते थेट काळ्या कॅनमध्ये न सोडता स्वच्छ, पसरट भांड्यात घ्यावे आणि उजेडात नीट पाहावे. रंग दुधाळ, कॉफीसारखा असेल तर आत पाणी गेले आहे. जळका, उग्र वास येत असेल तर डबा तापला आहे. बारीक सोनेरी चकाकी दिसली तर सिंक्रो किंवा ब्राँझचा वॉशर झिजतो आहे. ड्रेन प्लगला चुंबक असेल तर त्यावर जमलेली राखाडी, मलमासारखी पेस्ट ही वर्षांच्या चालीची साधी झीज असते, तिने घाबरू नये. पण चिमटीत धरता येईल असा तुकडा, दाताचा कोपरा किंवा बेअरिंगची कपची निघाली, तर नवे ऑइल भरून गाडी रस्त्यावर काढण्यात अर्थ नाही. तो डबा उघडायला हवा.

पातळीही बोलते. गिअरबॉक्समध्ये ऑइल अपेक्षेपेक्षा जास्त निघाले आणि शेजारच्या ट्रान्स्फर केसमध्ये कमी, आणि त्या गाडीत दोघांचे ऑइल वेगळे असायला हवे असेल, तर मधला सील गेला आहे. पुढच्या चाकांच्या बंद नकलमधले, म्हणजे चाक वळवणाऱ्या सांध्यातले, ग्रीस पातळ होऊन बाहेर ओघळू लागले, तर डिफरन्शिअलचे ऑइल ॲक्सलच्या आतल्या सीलमधून तिथे उतरते आहे. म्हणजे एकीकडे नकल धुऊन निघते आणि दुसरीकडे डिफरन्शिअल रिकामा होतो. ही एकाच दोषाची दोन टोके आहेत. नुसते ग्रीस भरत राहिल्याने किंवा नुसते ऑइल वाढवत राहिल्याने तो दोष जात नाही.

आपल्याकडे या कामाला पावसाळ्याने वेगळे वजन येते. दिवसभर घाट चढून तापलेला ॲक्सल ओढ्याच्या गार पाण्यात उतरतो, तेव्हा आतली हवा एकदम आकसते आणि बाहेरून हवा ओढू पाहते. यासाठी हाउसिंगवर एक छोटा ब्रीदर असतो. तो चिखलाने बुजलेला असेल तर हवा सीलच्या ओठांतून आत येते आणि तिच्याबरोबर पाणीही. ते पाणी तळाशी बसते, गाडी उभी राहिली की बेअरिंगवर गंज धरते. समुद्रकिनाऱ्यावर खाऱ्या पाण्यातून गेलेल्या गाडीचे तर विचारायलाच नको. म्हणून ब्रीदर मोकळा ठेवणे, शक्य असल्यास नळी लावून तो बॉनेटच्या उंचीपर्यंत नेणे, आणि हब बुडेल इतक्या पाण्यातून गाडी नेली तर परतल्यावर चारही डब्यांचे ऑइल तपासणे, हे नियम मी किलोमीटरच्या हिशेबापेक्षा वर ठेवतो. पाऊस संपल्यावर, दसऱ्याच्या सुमारास, प्रत्येक डबा एकदा उघडून पाहावा असा माझा आग्रह आहे. वर्षभरात गाडी फार चालली नसली तरीही, कारण उभ्या गाडीत पाणी अधिक निवांतपणे नुकसान करते.

आता प्रत्यक्ष कामाचे मूळ नियम. सविस्तर क्रम पुढच्या प्रकरणांत आहे, पण पाया इथेच सांगून ठेवतो. पहिला नियम : ड्रेन प्लगला हात लावण्याआधी फिलर प्लग ढिला होतो का, ते पाहा. वर्षानुवर्षे न उघडलेला फिलर प्लग गंजून बसतो. ऑइल सोडल्यावर हे लक्षात आले, तर रिकाम्या डब्याची गाडी जागच्या जागी अडकते. दुसरा : काम गाडी थोडी फिरवून आणल्यावर करा. कोमट ऑइल पूर्ण निथळते आणि तळाशी बसलेली झीज बरोबर घेऊन येते. तिसरा : गाडी सपाट जागेवर हवी. एकच बाजू जॅकवर उचलली तर पातळी खोटी दिसते. आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीही गाडीखाली जाऊ नका. मजबूत स्टँड लावा, चाकांना दगड किंवा ठोकळे लावा. चौथा : पातळी फिलर प्लगच्या छिद्राच्या खालच्या कडेपर्यंत हवी, तिथून ऑइल ओघळू लागले की थांबा. जास्त भरलेले ऑइल फेसाळते, तापते आणि सीलवर दाब टाकते. पाचवा : प्लग आवळताना जोर दाखवू नका. निमुळत्या आट्यांचा प्लग ॲल्युमिनियमच्या हाउसिंगमध्ये अति आवळला तर आटे जातात किंवा हाउसिंग तडकते, आणि पाच मिनिटांचे काम महिन्याचे होते.

डबा घासलेट किंवा डिझेलने धुण्याची चाल अनेक गॅरेजांत आहे. पातळ द्रव भरून गाडी चालवणे तर दूरच, चाके हाताने फिरवणेही मला पसंत नाही. तो कोपऱ्याकोपऱ्यांत राहतो आणि नव्या ऑइलचा घट्टपणा घटवतो. आत पाणी शिरले असेल तर स्वस्त पण योग्य वर्गाचे ऑइल भरावे, थोडे अंतर चालवून ते काढावे आणि मग चांगले भरावे. दोनदा खर्च होतो, पण सफाई खरी होते.

निघालेल्या ऑइलचे काय करायचे, हा प्रश्न या कामाचाच भाग आहे. २०१६ च्या घातक कचरा नियमांनुसार वापरलेले ऑइल घातक कचऱ्यात मोडते आणि ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच जायला हवे. प्रत्यक्षात ते गॅरेजमागच्या मातीत ओतले जाते, कुंपणाच्या खांबांना फासले जाते, पहिल्या पावसात ओढ्याला मिळते. ज्या ओढ्यातून आपली गाडी पार होते, त्याचे पाणी खालच्या वाडीत कुणीतरी पिते. झाकणाचा कॅन ठेवा, त्यात इतर काही मिसळू नका, आणि तालुक्यातले मोठे सर्व्हिस सेंटर तो घेते का, ते विचारा.

ही पुस्तिका मूळ हातपुस्तिकेची जागा घेत नाही. तुमच्या गाडीची हातपुस्तिका मिळत असेल, तर मापे आणि ऑइलचा वर्ग तिच्यातूनच घ्या. मात्र जुन्या गाडीत मागच्या मालकाने वेगळा गिअरबॉक्स किंवा दुसऱ्या मॉडेलचा ॲक्सल बसवलेला असू शकतो. आपल्याकडच्या जीपमध्ये हे फार घडते. म्हणून आधी डबा कोणता आहे, ते हाउसिंगवरच्या ओतीव खुणांवरून आणि बोल्टांच्या ठेवणीवरून ओळखा, मग पुस्तक उघडा. पहिल्या प्रकरणात त्यासाठीच्या आकृत्या दिल्या आहेत.

शेवटची विनंती एका वहीची. प्रत्येक डब्याला एक पान द्या. त्यावर तारीख, किलोमीटर, भरलेल्या ऑइलचा वर्ग आणि घट्टपणा, किती निघाले, किती भरले, आणि निघालेले ऑइल कसे दिसले, एवढे लिहा. एकदा पाहिलेल्या ऑइलवरून आजची स्थिती कळते. तीन-चार नोंदी झाल्या की कोणता डबा कोणत्या वेगाने झिजतो आहे, ते कळू लागते आणि दुरुस्ती मोडतोडीच्या आधी करता येते. गाडी विकाल तेव्हा ती वही किल्ल्यांबरोबर पुढच्या मालकाच्या हाती द्या. या गाड्या एका मालकापेक्षा जास्त जगतात. नव्या मालकाला शून्यापासून अंदाज बांधत बसावे लागू नये, हे जुन्या मालकाच्या हातात असते.